धार कोण काढतं?

ताईंचा मला हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी स्वतःला शहाणी ठरवायचा प्रयत्न करीन, कारणं देईन, धंद्यातले चार शब्द तोंडावर फेकीन. तेव्हा हे पहिलं वाक्य लक्षात असू द्या. त्यांनी फोन उचलून नुसतं "बोला दादा" म्हटलं तरी माझ्या पोटात दुखायचं.

ताई म्हणजे आमच्या भागातल्या एका दूध संघाच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या बाई. वय पन्नाशीच्या पुढे, माहेर राजूरकडचं डोंगरातलं, सासर बेलापूरजवळच्या एका वस्तीवरचं. संघाला दूध घालणाऱ्या कुणाचं जनावर आजारी पडलं की तो संघात फोन करायचा, आणि गेली अठरा वर्षं तो फोन ताईच घ्यायच्या. त्या चौकशी करायच्या, वहीत लिहून घ्यायच्या, आणि तीन डॉक्टरांपैकी कोणी कुठल्या गावाला आधी जायचं, सोबत कुठलं औषध न्यायचं, हे त्या वहीवरून ठरायचं. म्हणायला ते डॉक्टर ठरवायचे. ठरवायच्या ताईच.

माझा धंदा मशीनला बोलायला शिकवण्याचा. पुण्यात बारा वर्षं मी तेच केलं. तुम्ही बँकेत फोन लावता, पलीकडून मशीन बोलतं, तुम्ही तोंडाने उत्तर देता आणि तुमचं काम होतं किंवा होत नाही. त्यात मशीनने पहिलं वाक्य काय बोलायचं, दुसरं काय विचारायचं, माणूस भलतंच बोलला तर त्याला वळणावर कसं आणायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ती कुणीतरी मी. कॉम्प्युटरचं काम दुसरे करतात, मी संवाद बांधते. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा त्यात मीही गेले, आणि बेलापूरला आईदादांच्या घरी परत आले. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दोन गाई, चार एकर ऊस आणि मी, असा त्यांचा पसारा झाला.

दूध संघाच्या चेअरमनना कुणाकडून तरी माझ्याबद्दल कळलं. जनावरांच्या आजाराचे फोन मशीनने घ्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला बोलावलं आणि ताईंच्या देखतच सांगितलं, "मशीन नीट चाललं तर दिवाळीनंतर फोनची खुर्ची काढून टाकू. ताईंना त्यांच्या वस्तीवरच्या संकलन केंद्रावर दूध मोजायला बसवू. त्यांनाही घर जवळ पडेल." ताई म्हणाल्या, "बरं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिकवा मॅडम मशीनला. लागंल ते मी सांगते."

मला मॅडम. बाकी जगाला दादा, बापू, आक्का, मावशी. ऑफिस झाडायला येणाऱ्या बाईलासुद्धा आक्का. मला मॅडम.

पहिले चार दिवस मी ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. आमच्या कामाची ही पहिली पायरी असते: आज हे काम जो माणूस करतो, त्याच्याजवळ बसायचं आणि ऐकायचं. पहिलाच फोन आला तो एका बाप्याचा.

"गाय खात न्हाई, ताई. डॉक्टर पाठवा."

"धार कोन काढतं घरात?"

"मंडळी."

"मग त्यास्नी द्या फोन."

"अवो मी श्रीरामपूरला हाय, स्टँडवर."

"मग घरचा नंबर सांगा. मीच लावते."

आणि त्यांनी खरंच लावला. पलीकडे एक बाई लाजत, तुटक बोलायला लागली. ताई मध्ये मध्ये "बरं", "मग?" एवढंच म्हणत होत्या. दोन मिनिटांनी ती बाई अशी बोलायला लागली की थांबेना. गाय व्यायला किती दिवस झाले, चीक किती दिला, शेण कसलं टाकते, पेंड नवी आणलीय त्याला वास कसा येतो, परवा दोर तुटून ती कुणाच्या मक्यात शिरली होती, सगळं. ताईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. डॉक्टरांनी त्या वाचल्या, पिशवीतलं एक औषध काढून ठेवलं, दुसरं टाकलं आणि गेले.

दुपारपर्यंत असे आठ-दहा फोन झाले आणि प्रत्येकात ताईंनी तोच प्रश्न विचारला. दूध घालणाऱ्याचं पुस्तक बाप्याच्या नावावर, फोन बाप्याच्या खिशात. पण पहाटे कासेखाली बसते ती बाई. कुठला सड गरम लागतो, कुठल्या दिवसापासून, ते तिच्या बोटांना ठाऊक. बाप्याला एवढंच ठाऊक की गाय खात नाही आणि डॉक्टर पाठवा.

सोपी गोष्ट होती. इतकी सोपी की मला ती बघताक्षणी कळली, आणि कळताक्षणी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण बारा वर्षांत माझ्या एकाही मशीनशी कुणी असं बोललं नव्हतं. आजकाल मशीनला बोली कळते, हाय-न्हाई कळतं, मागे कुत्रं भुंकत असलं तरी कळतं. पूर्वी आमचा सगळा जीव त्यातच जायचा. आता प्रश्न उरला होता फक्त काय विचारायचं याचा, म्हणजे निव्वळ माझ्या कामाचा, आणि त्यात ही दहावीपर्यंत शिकलेली बाई माझ्या पुढे निघून गेली होती. ते बरं वाटलं असं मी म्हणणार नाही.

मग खोटं मशीन केलं. ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. खरं मशीन बांधण्याआधी माणसाने मशीनचं सोंग घेऊन काही दिवस फोन घ्यायचे. फोन करणाऱ्याला वाटतं पलीकडे यंत्र आहे. त्यामुळे तो यंत्राशी जसा बोलेल तसा बोलतो, आणि आपली वाक्यं कुठे अडतात ते बांधण्याआधीच कळतं. मी आतल्या स्टोअररूममध्ये, मिनरल मिक्श्चरच्या पोत्यांशेजारी टेबल लावलं. पहिला आठवडा मी मशीन झाले. माझ्याच हाताने लिहिलेली वाक्यं, सपाट आवाजात.

"नमस्कार. हे दूध संघाचं यंत्र आहे. कृपया जनावराचा प्रकार सांगा."

"आँ?"

"कृपया जनावराचा प्रकार सांगा."

"अहो ताई कुठं हायत?"

असं आठवडाभर. एकाने मला जनावराचा प्रकार म्हणून "लई गरीब हाय" असं सांगितलं. एकाने शिवी दिली आणि मग मशीनला कसली शिवी म्हणून स्वतःशीच हसला. निम्म्यांनी फोन ठेवला. मी वाक्यं बदलली, "जनावराचा प्रकार" काढून "गाय आहे की म्हैस?" केलं, "कृपया" तर पहिल्याच दिवशी काढलं. थोडं सुधारलं. पण माणसं विचारल्याएवढंच बोलायची आणि गप्प व्हायची.

दुसऱ्या आठवड्यात ताईंना बसवलं. मी बजावून सांगितलं, "ताई, कागदावरचंच वाचायचं. पदरचं काही घालायचं नाही. आणि आवाज मशीनसारखा काढायचा."

"म्हंजे कसा?"

"सपाट."

ताईंना सपाट बोलता येईना. त्यांचं "नमस्कार" ऐकून वाटायचं की आता चहा टाकणार. शेवटी त्यांनी स्वतःच युक्ती काढली आणि नाक चिमटीत धरून बोलायला लागल्या. स्टोअररूममध्ये पोत्यांच्या मधोमध ही पन्नाशीची बाई नाक धरून बसली होती, आणि मला हसू आलं हे कबूल करते. त्या आठवड्यात तेवढंच एकदा मी त्यांच्यासोबत हसले. पण पहिला फोन आला तो असा:

"नमस्कार. हे दूध संघाचं यंत्र हाय."

"ताई, नाक कशाला धरलंय? सर्दी झाली का?"

सगळ्यांनी ओळखलं. नाक धरून, सपाट आवाज काढून, यंत्र हाय म्हणून सांगून सगळ्यांनी ओळखलं. आणि ताईंनीही दुसऱ्या दिवसापासून कागद बाजूला सारून "धार कोन काढतं?" सुरू केलं. फोन नीट पार पडायला लागले. बायका फोनवर यायला लागल्या.

मी ते रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकलं. दुपारी, पंखा लावून, कानात हेडफोन घालून. आई बाहेर गाईला पेंड कालवत होती. एका बाईने ताईंना सांगितलं होतं, "तुमच्याशी बोललं की अर्ध दुखनं गाईचं जातं अन् अर्ध माझं." मी ते तीनदा ऐकलं आणि मग रागाने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसमोर मी म्हटलं की ताईंच्या आठवड्याचे फोन बाद धरावे लागतील. लोकांना आवाज ओळखू आला, त्यामुळे ते मशीनशी बोलत नव्हते, ताईंशी बोलत होते. हे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. हेव्याला बरोबर कारण मिळालं की तो कसा डौलात चालतो ते मी त्या दिवशी अनुभवलं. बादच्या ढिगात मी तो प्रश्नही टाकून दिला. त्यालाही कारणं होती: फोन एका हातातून दुसऱ्या हातात जायला वेळ लागतो, तेवढ्यात मशीनने काय करायचं, बाप्या बाहेरगावी असला तर संवाद तुटतो, परक्या यंत्राने घरातल्या बाईला फोनवर बोलवा म्हणावं हे कुणाला खटकेल. प्रत्येक कारण खरं होतं आणि प्रत्येकावर उपाय होता. उपाय शोधणं हेच तर माझं काम.

मी शोधला नाही. त्याचं खरं कारण सकाळचं होतं. चहाच्या वेळी तिघांतले सगळ्यात तरुण डॉक्टर माझ्याशी बोलत होते. हुशार माणूस, माझं काम समजून घेणारा तिथला एकटाच, आणि त्याने मला बरं म्हणावं असं मला वाटायचं. तो म्हणाला, "मॅडम, बाकी काही करू नका, मशीनला फक्त ताईंसारखं विचारायला शिकवा. झालं." आणि ताईंकडे बघून हसला. ताईंनी कपात डोकं खुपसलं. मी मनात म्हटलं, ताईंसारखं तर मरेन पण करणार नाही. इतकं पोरकट, शब्दशः.

मशीन सुरू झालं ते गणपतीच्या सुमाराला. ताईंचा जुना नंबर दिवाळीपर्यंत चालू राहणार होता, लोकांची सवय मोडेपर्यंत. लोक अर्थातच जुन्याच नंबरला फोन करायचे. त्यात आमचे दादाही होते. कालवडीच्या पायाला लागलं तेव्हा माझ्यासमोर, मी पोहे खात असताना, त्यांनी ताईंना फोन लावला.

"दादा, नवीन नंबर आहे ना?"

"हां, ते हाय की. पन ताई लगेच समजून घेत्यात."

माझ्या बापाला माझ्या मशीनशी बोलायचं नव्हतं. मी ताट सरकवलं आणि नको ते बोलले. मी म्हटलं, पोरीचं काम उभं राहायला हवंय की नको, गाव काय म्हणेल, मशीन बनवणारीच्या घरचे दुसरीकडे फोन करतात. शेवटी बजावलं की या घरातून त्या नंबरला पुन्हा फोन लागता कामा नये. दादा मान खाली घालून "व्हय, व्हय" म्हणाले. आई चुलीपाशी भाकरी थापत ऐकत होती.

त्यानंतर पंधरवडा झाला असेल. सकाळी आईने दादांना सांगितलं, "मोठ्या गाईनं दूध कमी दिलं, फोन करा." दादा उसाला पाणी धरायला निघाले होते. शेतात पोचल्यावर बांधावर उभं राहून त्यांनी फोन केला, माझ्या मशीनला. मी ऑफिसात होते. दुपारी दिवसभरातले फोन बघताना तो माझ्यासमोर आला.

"गाय आहे की म्हैस?" गाय. "काय त्रास आहे?" दूध कमी दिलं. "कधीपासून?" आजच. "खाते-पिते का?" खाती. "ताप वाटतो का?" न्हाई वाटत. "ठीक आहे. तातडी दिसत नाही. डॉक्टर उद्या दुपारपर्यंत येतील." बरं, बरं.

एकदाही अडखळणं नाही. एकही वाक्य परत विचारावं लागलं नाही. माझ्या बापाने जणू माझी लाज राखायची म्हणून एकेक शब्द मोजून दिला होता. मला इतकं भरून आलं की तो संवाद मी चेअरमनना दाखवायचा नमुना म्हणून बाजूला काढून ठेवला.

त्या संध्याकाळी आई गोठ्यातून आली ती हात पुसत दारातच उभी राहिली. "पुढचा डावा सड दगडावानी लागतोय," ती म्हणाली. दादा म्हणाले, डॉक्टर उद्या येणार आहेत, मशीनने सांगितलंय. मी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले होते. मीही म्हटलं, हो, उद्या येतील. उठून गोठ्यात गेले नाही.

दुसऱ्या दिवशी तेच तरुण डॉक्टर आले. त्यांनी बसून सड पिळला. दुधाऐवजी पाणी आणि गुठळ्या आल्या. ते आईला म्हणाले, "दगडी झालीय, कासेला सूज आहे. गुठळ्या कधीपासून येतायत?"

"काल सकाळच्या धारंपासनं. बारीक बारीक हुत्या. आन् सड गरम लागला हुता हाताला."

"मग कालच सांगायचं ना. काल सकाळी आलो असतो तर लगेच उतरली असती."

आई म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई."

ती कुणाला टोमणा मारत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं म्हणून तिने सांगितलं, जे होतं ते. ताईंना फोन का नाही केला, असं मी तिला नंतर विचारलं. "तूच न्हाई म्हनलीस ना," ती म्हणाली. पाच दिवस औषध चाललं, तरी तो सड गेला. गाय तीन सडांची झाली. मी त्याच घरात राहत होते. रोज सकाळी त्याच गाईच्या दुधाचा चहा पीत होते. दोन महिने मी गाईंबद्दल काय विचारावं हे कागदावर लिहीत होते, आणि पाच पावलांवर आई धार काढत होती.

त्यानंतर चार दिवसांनी मी ताईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. गाय, सड, तो फोन. हेवा सोडून सगळं. म्हटलं, तो प्रश्न मशीनमध्ये घालायचाय, पण नीट कसा घालायचा ते मला येत नाही.

इथे एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती आणि त्यांनाही दिसत असणार. मी तो प्रश्न बाहेर ठेवला होता तोवर मशीन लंगडं होतं, आणि मशीन लंगडं होतं तोवर ताईंची खुर्ची पक्की होती. आता मी त्यांच्याकडून तो मागत होते म्हणजे खुर्चीचा शेवटचा पाय मागत होते. मी तसं अर्धवट बोलूनही दाखवलं.

"ते व्हय," ताई म्हणाल्या. त्यांनी वहीवर बोट फिरवलं. "घरी मी कुनाची सून, कुनाची आई. हितं बसलं की गावं मला इचारत्यात. त्ये जाईल म्हना." मग खुर्ची ओढून माझ्याजवळ आल्या. "पन सडं जायाला नकोत. लिहा."

तीन दिवस त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते. बाप्या बाहेर असला तर आधी त्याचं ऐकून घ्यायचं, मग घरचा नंबर मागायचा. आधी मागितला तर त्याला वाटतं आपल्याला किंमत नाही. बाई फोनवर आली की पहिला प्रश्न आजाराचा नाही विचारायचा, गाय कितव्या वेताची, म्हणजे कितव्यांदा व्याली, तो विचारायचा, कारण ते तिला हमखास येतं आणि एकदा उत्तर आलं की तोंड मोकळं होतं. सासू शेजारी असेल तर सून गाईने पेंड तशीच टाकली हे सांगत नाही, कारण पेंड तिनेच घातलेली असते आणि बोल तिलाच लागतो. म्हणून "काय खायला घातलं" न विचारता "गव्हाणीत काय उरलंय" विचारायचं. बारा वर्षांत मी जेवढं शिकले नाही तेवढं त्या बोलता बोलता सांगून मोकळ्या झाल्या. मी बोरूने लिहावं तसं दाबून दाबून लिहीत होते आणि आतून जळत होते. उपकाराने हेवा कमी होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझा वाढला.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "ताई, मशीनला आवाजही तुमचाच देऊ या. लोक ओळखतील, बोलतील." हे म्हणायला मला फार कष्ट पडले होते आणि मला वाटलं त्या खूश होतील.

"नको," त्या लगेच म्हणाल्या. "माझा आवाज ऐकला की लोक गाईच्या पुढचं बोलाय लागतील. घरचं, दारचं. मशीनला त्यातलं काय कळायचं न्हाई, आन् त्यास्नी वाटंल मला कळलं. तुमचाच असू द्या. तुमचा आवाज ऐकून कुनी जास्तीचं बोलत न्हाई."

मशीनला जेवढं समजतं त्याहून जास्त समजतं असं त्याच्या बोलण्यातून वाटता कामा नये, हे माझ्या कामाचं सगळ्यात मोठं तत्त्व. मी नव्या मुलांना ते शिकवत आले. ताईंनी ते सांगितलं आणि जाता जाता माझ्या आवाजाचं मोजमापही करून टाकलं. मी "बरं" म्हटलं. त्या रागावून बोलल्या नव्हत्या, त्यामुळे मला भांडताही येईना.

दिवाळीनंतर मशीन छान चालायला लागलं. डॉक्टर योग्य ते औषध घेऊन निघतात, बायका फोनवर येतात, गाय कितव्या वेताची ते सांगतात. चेअरमननी सभेत माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. "हा धारेचा प्रश्न म्हणजे मॅडमची कमाल," असं ते म्हणाले आणि मी उभी राहून हात जोडले. तो प्रश्न कुणाचा हे सांगायला तोंड उघडलं होतं. मग टाळ्या झाल्या आणि मी खाली बसले. ताई सभेला नव्हत्या. त्या संध्याकाळच्या दुधाला वस्तीवरच्या केंद्रावर होत्या.

ते केंद्र आमच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. दूध घालायला इतकी वर्षं दादाच जायचे. अलीकडे आई जायला लागली होती, दोन्ही वेळा, किटली हातात घेऊन चालत. मी विचारलं तर म्हणाली, पाय मोकळे होतात.

परवा सकाळी ती घरी मोबाईल विसरली म्हणून मी द्यायला गेले. शेडसमोर दुधाचा टेम्पो उभा होता. आतून दोघींचं बोलणं ऐकू आलं आणि मी टेम्पोच्या आडच थांबले. आई बोलत होती. मी आईला सलग एवढं बोलताना कधी ऐकलेलं नाही. सकाळी एकच भाकरी खाती, तीबी निम्मी ठेवती. झोपेत दात खाती. पुण्याहून आली त्या महिन्यापासनं. कुनी हाक मारली की आधी दचकती, मग ओ देती. लॅपटॉपाशी हसती, माणसाशी न्हाई. कधीपासून, किती, कुठल्या वेळेला, एकेक खूण तिच्याकडे होती. मला वाटत होतं घरात कुणाचं माझ्याकडे लक्षही नाही.

"मग तुमी इचारलं का तिला?" ताईंचा आवाज.

"मला न्हाई जमत. तुमीच इचारा की एकदा. तुमाला सगळी सांगत्यात."

"मला न्हाई सांगायची ती, आक्का. पहिल्या दिसापासनं माझ्यावर राग हाय तिचा. कशापायी ते काय मला कळलं न्हाई."

"राग न्हाई ओ," आई म्हणाली. "जळती ती तुमच्यावर."

किटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"माझ्यावर?" ताई म्हणाल्या. "माझ्यावर काय जळायचं, आक्का? माझी खुर्ची तर तिनंच नेली."

मी टेम्पोआडून बाहेर आले नाही.